शेवटचे वीस फूट

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय फोनवर एका शब्दात सांगितला: ‘अदृश्य’. देव, वारा, आठवणी यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत, तुम्ही रोजच्या वापरातलं काहीतरी बघा, असंही ते म्हणाले. त्या सकाळी आमच्या घरात वेगळाच गोंधळ चालू होता. मुलीच्या परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख होती आणि घरच्या संगणकावर एकही पान उघडत नव्हतं. “नेट गेलंय,” असं सगळ्यांनी एकमुखानं ठरवलं. राउटर तीनदा बंद-चालू झाला, वायर काढून परत लावल्या गेल्या. शेवटी मुलगी पैठण गेटजवळच्या एका सायबर कॅफेत जाऊन फॉर्म भरून आली.

रात्री त्या टेबलाकडे बघत बसले होते. भिंतीवरचा राउटर आणि टेबलावरचा संगणक यांच्यामध्ये जेमतेम वीस फूट मोकळी हवा. अमेरिकेतल्या कुठल्याशा सर्व्हरवरून माहिती समुद्राखालून मुंबईला येते, तिथून आमच्या गल्लीतल्या खांबापर्यंत येते आणि या वीस फुटांत अडते. की ती इथे अडलीच नव्हती? हेही आम्हाला सांगता येत नव्हतं. संपादकांना मी दुसऱ्या दिवशी होकार कळवला.

मग घरोघरी नेट दुरुस्त करत फिरणाऱ्या एका तरुणाबरोबर तीन दिवस हिंडले. तो कन्नड तालुक्यातल्या एका गावचा. आयटीआय करून छत्रपती संभाजीनगरला आला. नाव छापू नका म्हणाला. लोक त्याला ‘नेटवाला’ म्हणतात, म्हणून मीही तसंच लिहिते.

पहिला प्रश्न

त्याचा फोन दिवसभर वाजत असतो आणि प्रत्येक फोनवर त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: “त्याच वायफायवर मोबाईल चालतो का?”

या एका प्रश्नात निम्मं काम होतं. घराबाहेरून राउटरपर्यंत येणारी वाट वेगळी आणि राउटरपासून संगणकापर्यंतची वाट वेगळी. मोबाईल त्याच वायफायवर नीट चालत असेल तर बाहेरची वाट शाबूत आहे आणि दोष संगणकाकडे आहे. मोबाईलही चालत नसेल तर संगणकाला हात लावायचं कारणच नाही. फक्त तेवढा वेळ मोबाईलचा सिमवरचा डेटा बंद ठेवायचा, कारण वायफायवर नेट नसलं की कित्येक मोबाईल गुपचूप सिमवर जातात आणि आपल्याला वाटतं, चालतंय की! आमच्या घरी त्या सकाळी हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता.

पहिलं घर सिडको एन-सातमधल्या एका निवृत्त शिक्षकांचं. निवृत्तिवेतनासाठी लागणारा हयातीचा दाखला त्यांना ऑनलाइन भरायचा होता. मोबाईल ठीक चालत होता, संगणकावर मात्र नेट मिनिटाला येत-जात होतं.

“सर, संगणक कधी घेतला?”

“बारा-तेरा वर्षं झाली. पण अरे, तो उत्तम चालतो. मी त्याला कधी त्रास दिला नाही.”

नेटवाला टेबलाखाली वाकला. जुन्या संगणकात बहुधा वायफाय नसतं, म्हणून मागच्या बाजूला नखाएवढा डोंगल खोचलेला होता. पुढे संगणकाचा लोखंडी डबा, मागे भिंत, वरून टेबलाची फळी. बिचाऱ्या डोंगलला राउटर दिसायचा कुठून? शिवाय त्याला लागूनच निळ्या रंगाच्या खाचेत बाहेरची हार्ड डिस्क जोडलेली. ही निळी खाच म्हणजे यूएसबी ३.०. माहिती वेगानं वाहत असताना तिच्यातून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओचा गोंगाट बाहेर पडतो, आणि बहुतेक जुने डोंगल नेमके त्याच पट्ट्यात ऐकतात. कानाशी कुणी पिठाची गिरणी लावावी तसं होतं ते.

त्यानं पिशवीतून यूएसबीची एक हातभर लांब वायर काढली, डोंगल तिच्या टोकाला लावला आणि टेबलावर, पेल्यात ठेवलेल्या पेनांच्या शेजारी आणून उभा केला. पडद्यावरच्या पंख्यासारख्या खुणेत एकच पट्टी होती, ती भरून आली. सर काही बोलले नाहीत. त्यांनी वाकून टेबलाखाली पाहिलं, मग वर डोंगलकडे पाहिलं आणि वहीत तारीख टाकून चार ओळी लिहून घेतल्या.

लाल दिवा

मोबाईलही चालत नसेल तेव्हा भिंतीवरच्या डब्याकडे बघायचं. फायबरच्या जोडणीत घरात जो डबा बसवतात त्यावर दिव्यांची ओळ असते आणि ती वाचायला शिकणं दहा मिनिटांचं काम आहे. मला तरी ते आधी कुणी शिकवलं नव्हतं. ‘पॉन’ लिहिलेला दिवा हिरवा आणि स्थिर असेल तर बाहेरून येणारा प्रकाश ओळखून डब्यानं पलीकडच्या केंद्राशी नातं जोडलं आहे. ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल तर प्रकाश पोचतच नाही. अशा वेळी राउटर शंभरदा बंद-चालू केला तरी उपयोग नाही. फोन करायचा आणि थेट सांगायचं, “एलओएस लाल आहे.” या तीन शब्दांनी पलीकडच्या माणसाची पंधरा मिनिटं वाचतात आणि आपलीही.

प्रकाश का पोचत नाही? या शहरात एक कारण रस्त्यावरच दिसतं. जायकवाडीहून पाणी आणणाऱ्या नव्या योजनेसाठी गेली काही वर्षं रस्ते खोदले जाताहेत, आणि जेसीबीच्या दाताला मातीतली फायबर आणि मुळी यांतला फरक कळत नाही. दुसरं कारण घरातच असतं. फायबरची काच सव्वाशे मायक्रॉन जाडीची, म्हणजे केसाएवढी. ती वळते, पण मुडपली की प्रकाश वळणावर बाहेर सांडतो. हडकोतल्या एका घरी दिवाळीच्या साफसफाईत कुणीतरी पिवळी वायर नीट दिसावी म्हणून घट्ट गुंडाळून रबरबँड लावलं होतं. नेटवाल्यानं मीटर जोडला. “उणे एकतीस,” तो म्हणाला. हा डेसिबलचा आकडा आहे. साधारण उणे सत्तावीसच्या खाली गेला की डब्याला प्रकाश नीट ओळखता येत नाही. त्यानं रबरबँड काढलं, वायरीचं वेटोळं ताटलीएवढं मोठं केलं, पुन्हा मीटर लावला. उणे बावीस. घरातल्या काकूंनी विचारलं, “एवढंच?” एवढंच.

नहरीवरचे खांब

पाण्याची आणि नेटची ही सांगड माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून दुपारी मी एकटीच पाणचक्कीला गेले. मलिक अंबरानं १६१० मध्ये खडकी वसवली, तेच हे शहर. उत्तरेकडच्या डोंगरातलं पाणी त्यानं जमिनीखालून, कुठलंही यंत्र न लावता, नुसत्या उताराच्या आधारे गावात आणलं. ती नहर-ए-अंबरी. पाणचक्कीची नहर नंतरची आणि वेगळी, पण विद्या तीच. तिथे भिंतीवर उंच चढवून खाली हौदात सोडलेलं पाणी आजही लोक बघत उभे राहतात.

मला त्यातली एक गोष्ट नेहमी मोठी वाटत आली आहे. नहर पुरलेली असली तरी तिच्या वाटेवर ठिकठिकाणी उंच खांबांसारखी बांधकामं आणि उतरून बघायच्या जागा ठेवल्या होत्या. कोंडलेली हवा त्यांतून बाहेर पडे, पाण्याचा दाब आटोक्यात राही आणि गाळ साचला तर तो कुठल्या दोन जागांच्या मध्ये आहे हे कळे. सगळी नहर उकरावी लागत नसे. न दिसणाऱ्या गोष्टीची देखभाल करायची तर वाटेत बघायच्या जागा हव्यात, हे चारशे वर्षांपूर्वी इथल्या माणसांना पक्कं ठाऊक होतं.

वायफायच्या वाटेवरही अशा जागा आहेत. मोबाईल ही एक, डब्यावरचे दिवे ही दुसरी. उरलेल्या मी पुढच्या दोन दिवसांत पाहिल्या.

दीड हाताची भिंत

औरंगपुऱ्यातला जुना वाडा. दगड, वीट आणि चुन्याची भिंत, दीड हात जाड. उन्हाळ्यात आत शिरलं की कपाळावर गार हात ठेवल्यासारखं वाटतं. घरातला मुलगा पुण्यातल्या कंपनीचं काम इथून करतो. त्याची तक्रार अशी, की दिवाणखान्यात नेट धावतं आणि मागच्या खोलीत पडद्यावरची माणसं गोठून बसतात.

राउटर कुठे होता? टीव्हीखालच्या कपाटात, दार लावून, वर क्रोशाचा रुमाल घालून. वायफायच्या लहरी रेडिओच्याच. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटीमीटर, म्हणजे वीतभरही नाही, आणि ५ गिगाहर्ट्झची त्याच्या निम्मी. लहर जितकी आखूड तितकी ती भिंतीत लवकर दमते. म्हणून आजच्या राउटरची दोन नावं दिसतात, त्यांपैकी ‘५जी’ लिहिलेलं वेगवान पण एका खोलीपुरतं, आणि दुसरं धिमं पण लांब पोचणारं. या ‘५जी’चा मोबाईलच्या फाइव्हजीशी काही संबंध नाही, ते फक्त ५ गिगाहर्ट्झ आहे. जुन्या संगणकाला कित्येकदा हे वेगवान नाव यादीत दिसतच नाही, कारण त्याच्या कार्डाला तो पट्टाच ऐकू येत नाही. तो बिघाड नव्हे.

भिंतीहून वाईट म्हणजे धातू. लोखंडी कपाट, पत्र्याचा कूलर, स्लॅबमधल्या सळयांची जाळी. आरसासुद्धा, कारण काचेमागे धातूचा मुलामा असतो. पाणीही लहर पिऊन टाकतं. भरलेल्या टाकीमागे राउटर ठेवणं म्हणजे त्याला पाण्यात बोलायला लावणं.

मुलानं आधीच एक रिपीटर विकत आणून मागच्या खोलीत, जिथे नेट येत नव्हतं नेमकं तिथेच, लावला होता. हे मी तीन दिवसांत चार घरांत पाहिलं. जिथे ऐकूच येत नाही तिथे उभा राहून तो पुढे काय सांगणार? त्याची जागा मधल्या सोप्यात, जिथे नेट अजून चांगलं येतं तिथे. शिवाय साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. नेटवाल्याचं मत स्पष्ट आहे. “दादा, कामाची खोली असेल तर वायर ओढा. लॅनची वायर भिंतीच्या कडेनं नेऊ, दिसणार पण नाही.” मला हे पटलं. संगणक एका जागी बसणारं यंत्र आहे, त्याला हवेतूनच नेट द्यायचा हट्ट कशासाठी?

वायर येईपर्यंत राउटर कपाटातून निघाला आणि उंच कोनाड्यात गेला. तिथे पूर्वी कंदील ठेवत, असं आजी म्हणाल्या.

गल्लीतली गर्दी

सिडकोतली रो-हाउसेस १९७० च्या दशकापासून बांधली गेली, भिंतीला भिंत लावून. पुढे प्रत्येकानं वर मजले चढवले. एन-नऊमधल्या एका गच्चीखालच्या खोलीत बसून नेटवाल्यानं मला मोबाईलवरच्या एका ॲपमध्ये आजूबाजूची वायफाय दाखवली. २.४ च्या पट्ट्यात मी सव्वीस मोजली. तक्रार अशी, की दुपारी नेट उत्तम आणि रात्री नऊला रडत.

हा पट्टा भारतात २००५ मध्ये कमी ताकदीच्या यंत्रांसाठी विनापरवाना खुला झाला, तेव्हापासून वायफाय, ब्लूटूथ आणि कितीतरी खेळणी त्यात नांदतात. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात, २.४५ वर चालतो. म्हणून कुठल्या घरी रोज जेवणाच्या वेळी दोन मिनिटं नेट अडखळत असेल तर स्वयंपाकघरात जाऊन बघावं. पट्ट्यात तेरा चॅनल आहेत, पण ते एकमेकांपासून पाच-पाच मेगाहर्ट्झवर आणि वायफायला लागते वीसची रुंदी. त्यामुळे एकमेकांच्या अंगावर न येणारे म्हणून सहसा तीनच वापरतात, १, ६ आणि ११.

त्या घरातल्या कॉलेजातल्या मुलानं यादी बघून ‘रिकामा’ दिसणारा ३ नंबर निवडला होता. वरवर शहाणपणाचं वाटतं, पण तिथेच चुकतं. एकाच चॅनलवरचे राउटर एकमेकांना ऐकतात, थांबतात, पाळीपाळीनं बोलतात. ३ नंबरवरचा राउटर १ आणि ६ या दोघांच्या मध्ये पडतो, त्याला कुणाचंच धड ऐकू येत नाही. गणपतीत दोन मंडळांच्या बरोबर मध्ये ज्याचं घर आहे त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. चॅनल ११ केला आणि लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झच्या नावावर जोडला. तिथे जागा पुष्कळ आहे, आणि तिथल्या लहरी भिंत ओलांडून शेजारी फारशा जात नाहीत, हा त्यांचा दुबळेपणा अशा वस्तीत उपयोगी पडतो.

एकशे एकोणसत्तर

काही घरांत पट्ट्या पूर्ण भरलेल्या असतात, ‘कनेक्टेड’ लिहिलेलं असतं आणि तरी काही उघडत नाही. गारखेड्यात हिशेबाची छोटी कामं करणाऱ्या एका बाईंच्या घरी हेच चालू होतं. आधी कुणीतरी विंडोज नव्यानं टाकायला सांगून गेलं होतं, म्हणजे हिशेबाच्या सगळ्या फाइली हलवायच्या. त्या बाईंचा आवाज रडवेला झाला होता.

नेटवाल्यानं आज्ञा द्यायची काळी खिडकी उघडली आणि ‘आयपीकॉन्फिग’ टाइप केलं. पत्ता आला १६९.२५४ नं सुरू होणारा.

“हे बघा मॅडम, राउटर प्रत्येक यंत्राला घरातला एक पत्ता वाटतो. बहुतेक वेळा १९२.१६८ नं सुरू होतो. संगणकानं मागितला, कुणी दिला नाही, म्हणून त्यानं स्वतःच एक धरला. एकशे एकोणसत्तर दिसलं की समजायचं, पत्ता मिळालेला नाही.”

कारण शोधायला अर्धा तास गेला. नेट देणाऱ्यांचा डबा हाही राउटर होता आणि बाईंनी वरच्या मजल्यासाठी जोडलेला जुना राउटरही राउटरच. दोघांचा स्वतःचा पत्ता एकच, १९२.१६८.१.१, आणि दोघं पत्ते वाटायला बसलेले. एका गल्लीत एकाच नंबरची दोन घरं असली की पोस्टमननं काय करावं? जुन्याचा पत्ता बदलला, त्याचं पत्ते वाटणं बंद केलं, संगणकावर ‘आयपीकॉन्फिग रिन्यू’ दिलं. पत्ता आला. हिशेबाच्या फाइलींना कुणी हात लावला नाही.

यानंतरची पायरी त्यानं मला माझ्याच वहीत लिहून दिली. आधी राउटरला ‘पिंग’ करायचं, म्हणजे हाक मारायची. उत्तर आलं तर ते वीस फूट ठीक. मग बाहेर ८.८.८.८ ला हाक मारायची, हा गुगलचा नावं शोधून देणारा सर्व्हर आहे. तिथून उत्तर आलं तर जगापर्यंत वाट मोकळी. आणि तरीही नावानं पान उघडत नसेल तर नावावरून पत्ता शोधणारी सोय, म्हणजे डीएनएस, बिघडलेली. ती बदलता येते. नहरीचे खांब एकेक करून तपासत जावं तसं हे आहे. माझा आग्रह एवढाच, की ‘नेटवर्क रिसेट’ किंवा विंडोज नव्यानं टाकणं यांची पाळी या सगळ्यानंतर यावी. दुरुस्तीच्या नावाखाली लोकांचे फोटो, हिशेब, पासवर्ड पुसले गेलेले मी पाहिले आहेत, आणि बिघाड मात्र पिवळ्या वायरीत होता.

लॅपटॉपवाल्यांच्या तीन साध्या गोष्टी इथेच सांगते. वायफायची खूणच नाहीशी झाली तर विमानाचं चित्र असलेली कळ चुकून दाबली गेली का ते बघावं. आणि थोडा वेळ वापरला नाही की नेट तुटत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’मध्ये वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करण्याची परवानगी दिलेली असते, ती काढून घ्यावी. राउटर बदलल्यावर जुन्याच नावाला लॅपटॉप जोडेनासा झाला तर ते नाव विसरायला लावून पासवर्ड नव्यानं द्यावा.

नाण्याएवढा सेल

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी नेटवाल्याला आमच्या घरी घेऊन आले. चहा ठेवला. मोबाईल वायफायवर चालत होता. पॉनचा दिवा हिरवा. पत्ता १९२.१६८ चा. राउटरनं हाकेला ओ दिली, ८.८.८.८ नं दिली. आणि पान उघडायला गेलं की ब्राउझरचा इशारा, हे कनेक्शन खाजगी नाही.

त्यानं इशाऱ्याकडे पाहिलंच नाही. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली बोट ठेवलं.

१ जानेवारी २०१२.

संगणकाच्या मदरबोर्डवर नाण्याएवढा तीन व्होल्टचा सेल असतो. प्लग बंद असताना घड्याळ त्याच्यावर चालतं. आमचा सेल संपला होता. फॉर्मच्या आदल्या रात्री लाईट गेली होती, घड्याळ मागे गेलं आणि पुढचं सगळं आपोआप घडलं. सुरक्षित पान उघडताना ब्राउझर त्या पानाचं प्रमाणपत्र तपासतो, त्यावर कधीपासून कधीपर्यंत वैध ते लिहिलेलं असतं. आमच्या संगणकाच्या लेखी ती सगळी प्रमाणपत्रं अजून जन्मालाच आली नव्हती. तारीख इतकी मागे गेली की संगणक ती आपणहून दुरुस्त करेलच असंही नाही. त्या सकाळी वायफाय क्षणभरही गेलं नव्हतं.

“ताई, सेल मी बदलतो,” तो म्हणाला.

“मी बदलते,” मुलगी म्हणाली.

तिनं प्लग काढला, डब्याची बाजू उघडली. आत बोटभर धूळ. त्यानं वाकून दाखवलं तिथे नखानं बारीक खिटी दाबली, जुना सेल टणकन उडून बाहेर आला. नवा बसवताना अधिकची खूण वर आहे ना, हे तिनं दोनदा पाहिलं. मग तारीख घातली, वेळ घातली, आणि परीक्षेच्या संकेतस्थळाचं पान उघडलं. तिच्या अर्जापुढे ‘स्वीकारला’ असं लिहिलेलं होतं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. वाळूजहून कुणी आजोबा बोलत होते, आवाज बाहेरपर्यंत येत होता. चहाचा कप खाली ठेवत त्यानं विचारलं, “बाबा, त्याच वायफायवर मोबाईल चालतो का?”